ब्रेक दाबला की स्टिअरिंग पुन्हा थरथरतं: एमजीबीला मोठ्या डिस्क लावाव्यात का?

ताशी ६० मैलांच्या आसपास गाडी सरळ चाललेली असते. ब्रेक हलकाच दाबला की स्टिअरिंग डावी-उजवीकडं थरथरायला लागतं. जास्त दाबला तर आरसाही हलतो. वेग ४० च्या खाली आला की सगळं शांत. गॅरेजमध्ये सांगतात, "डिस्क वाकल्यात." नव्या डिस्क बसवल्या जातात, गाडी लोण्यासारखी थांबते, आणि दोनेक हजार मैलांनी थरथर परत हजर. दुसऱ्यांदा असं झालं की माणसाला वाटू लागतं, पन्नास वर्षांपूर्वीच्या मूळ डिस्कच कमी पडत असणार. आता भोकं पाडलेल्या, चर मारलेल्या, नाहीतर सरळ मोठ्या व्यासाच्या टाकाव्यात.

मी याच वाटेनं गेले. गाडी १९७२ ची एमजीबी जीटी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १७९८ सीसीचं इंजिन, रोस्टाइल चाकं. राहते डर्बीत, म्हणजे पीक डिस्ट्रिक्टच्या चढउतारांच्या पायथ्याशीच, त्यामुळं ब्रेकला इथं विश्रांती नाही. पहिली जोडी साध्या डिस्कची, दुसरी भोकांची आणि चरांची. दोन्हींचं तेच झालं. चार पिस्टनच्या कॅलिपरचं (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याचं) महागडं किट मागवायच्या बेतात होते, तेवढ्यात शेजारच्या निवृत्त फिटरकाकांनी एकच प्रश्न विचारला: "डायल गेज लावून पाहिलंस का?" डायल गेज म्हणजे डिस्क फिरताना किती डुलते ते मोजणारं काट्याचं उपकरण. नव्हतं पाहिलं. त्यानंतर जे सापडलं ते सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न मला वर्षातून तीन-चारदा तरी कुणीतरी विचारतंच, आणि प्रत्येकाचा हात खिशाकडं गेलेला असतो.

उत्तर आधीच देते. रस्त्यावर चालणाऱ्या, मूळ इंजिनाच्या एमजीबीला थरथर घालवण्यासाठी मोठ्या किंवा भोकांच्या डिस्क लावू नका. दोष डिस्कवर दिसतो, पण बहुतेक वेळा तो डिस्कच्या मागं, हबमध्ये असतो, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागात. हब तसंच ठेवून कितीही भारी डिस्क लावली तरी दोन-तीन हजार मैलांत तीही तशीच होणार.

"वाकली" म्हणजे नेमकं काय

ओतीव लोखंडाची डिस्क रस्त्यावरच्या वापरात सहसा पापडासारखी वाकडी होत नाही. होतं ते असं: तिची जाडी सगळीकडं सारखी राहत नाही. एका ठिकाणी पॅडचा थर जास्त बसतो किंवा एका ठिकाणी लोखंड जास्त झिजतं. पॅडच्या चिमट्यातून जाडसर भाग गेला की पकड वाढते, पातळ भाग गेला की कमी होते. प्रत्येक फेऱ्याला एक हिसका. फरक किती लागतो? ०.०१५ ते ०.०२ मिलिमीटर पुरतो. माणसाचा केस याच्या तीन-चार पट जाड असतो. म्हणून डोळ्यांनी पाहून किंवा नख फिरवून "डिस्क चांगली दिसतेय" म्हणण्याला काही अर्थ नाही.

६० लाच का थरथरतं, त्याचंही कारण आहे. १६५ च्या १४ इंची टायरचा घेर साधारण १.९५ मीटर. ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला २६.८ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला जवळपास १४ वेळा फिरतं. पुढचं सस्पेन्शन आणि स्टिअरिंगची जोडणी मिळून ज्या वेगानं आपसूक हेलकावतात, तो वेगही याच्याच आसपासचा. झोपाळ्याला नेमक्या वेळी बोट लावलं तरी झोका वाढतो, तसंच. ४० मैलांना चाक सेकंदाला नऊ वेळाच फिरतं, मेळ तुटतो आणि थरथर विरते. दोष मात्र तेव्हाही जागच्या जागीच असतो.

आता मुख्य गोष्ट. जाडी असमान होते कशामुळं? डिस्क फिरताना किंचित डुलत असेल, वर्कशॉपच्या भाषेत 'आउट' असेल, तर पाय ब्रेकवर नसतानाही तिचा एक भाग प्रत्येक फेऱ्याला पॅडला पुसटसा घासून जातो. मिनिटाला शेकडो वेळा, तासन् तास. त्या जागेवर लोखंड झिजतं किंवा पॅडचा थर चढतो. पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही, कारण डिस्क डुलली तरी तिची जाडी अजून सारखीच असते. दोन-तीन हजार मैलांत जाडीतला फरक जाणवण्याइतका होतो आणि थरथर सुरू होते. "नव्या डिस्कनं बरं वाटलं, मग परत आलं" ही जी सगळ्यांची कहाणी असते, तिचं गणित हेच. नवी डिस्क दुखणं बरं करत नाही, घड्याळ फक्त शून्यावर आणते.

आधी पुढचं की मागचं ते ठरवा

एमजीबीला पुढं डिस्क आणि मागं ड्रम. रिकाम्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर ३०-४० मैलांच्या वेगाला हँडब्रेकचं बटण दाबून धरून लिव्हर हळू वर ओढा. हँडब्रेक फक्त मागच्या ड्रमवर चालतो. तेव्हाही गाडी हिसके देत असेल तर मागचा ड्रम गोल राहिलेला नाही, पुढच्या डिस्कना हात लावू नका. हँडब्रेकनं काही होत नाही आणि पायाच्या ब्रेकनं स्टिअरिंग हलतं, तर दोष पुढंच आहे. पेडल पायाखाली धडधडतं पण स्टिअरिंग स्थिर राहतं, तेव्हाही आधी मागं बघा.

आणखी एक खूण. वळण घेतल्यावरचा पहिला ब्रेक खोल जातो, लगेच दुसऱ्यांदा दाबला की पेडल वर येतं? हवा शिरलीय म्हणून ब्रेक ऑइल पुन्हा पुन्हा काढत बसू नका. हबला प्ले आहे, म्हणजे तो बेअरिंगवर सैल हलतोय, डिस्क डुलताना पॅडना आणि पिस्टनना मागं ढकलते, म्हणून पहिला दाब ती फट भरण्यातच जातो. माझ्या गाडीत ही खूण वर्षभर होती. मी दोनदा ब्रेक ब्लीड केला आणि दोन्ही वेळा वाटलं, थोडं सुधारलं.

इंग्लंडात ४० वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाडीला २०१८ पासून एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक तपासणी, सक्तीची नाही. तरी मी दरवर्षी करून घेते, आणि तुम्हीही घ्या असं आग्रहानं सांगेन. कारण तिथला रोलर. पुढची चाकं रोलरवर फिरवून ब्रेक हळू दाबला की डाव्या आणि उजव्या चाकाची पकड वेगवेगळी दिसते, आणि काटा फेऱ्यागणिक वरखाली होत असेल तर तेही दिसतं. कुठल्या बाजूला दोष आहे हे पाच मिनिटांत कळतं. माझ्याकडं डाव्या चाकाचा काटा नाचत होता, उजवा स्थिर होता. परीक्षकानं ते दोन वर्षं मला सांगितलं होतं आणि मी दोन्ही वर्षं नव्या डिस्कच शोधत बसले.

मोजमाप

लागतं काय? चुंबकाच्या स्टँडवरचं डायल गेज आणि ०-२५ मिलिमीटरचा मायक्रोमीटर. दोन्ही मिळून एका भारी डिस्कच्या जोडीपेक्षा स्वस्त पडतात आणि जन्मभर टिकतात.

एमजीबीची मूळ डिस्क भरीव आहे, व्यास पावणेअकरा इंच, जाडी नवी असताना ३४० ते ३५० थाऊ, म्हणजे नऊ मिलिमीटरला थोडी कमी. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ही गाडी इंचांच्या काळातली, तिच्याशी इंचांत बोललेलं सोपं जातं. जाडी ३०० थाऊंवर, म्हणजे ७.६ मिलिमीटरवर आली की डिस्क टाकून द्यायची.

मायक्रोमीटरनं कडेपासून साधारण एक सेंटिमीटर आत आठ ठिकाणी जाडी मोजा आणि लिहून ठेवा. कमाल आणि किमान मापात अर्ध्या थाऊपेक्षा जास्त फरक असेल तर थरथरीचं प्रत्यक्ष कारण हातात आलं. पण ते कशामुळं झालं हे अजून कळलेलं नाही, इथं थांबू नका.

डायल गेजचा पाय कॅलिपरच्या बोल्टवर किंवा स्टब ॲक्सलवर (हब ज्या दांड्यावर फिरतो त्यावर) पक्का बसवा, टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेजवळ टेकवा आणि डिस्क हातानं सावकाश फिरवा. इथं एक चूक जवळजवळ सगळेच करतात. हबला थोडा प्ले असतोच, तो असावाच लागतो. फिरवताना हब आत-बाहेर सरकला तर काटा त्याचंच माप दाखवतो आणि तुम्ही डिस्कला दोष देता. म्हणून दुसऱ्या हातानं हब सतत आत दाबून धरा. एमजीबीच्या डिस्कला ३ थाऊ, म्हणजे ०.०७६ मिलिमीटर इतकाच डोल चालतो. मी दोनच्या आत येईपर्यंत सोडत नाही.

माझं उजवं चाक दोन थाऊंवर होतं, डावं सहावर.

डिस्क काढून बाजूला ठेवली आणि गेज हबच्या तोंडावर लावलं, म्हणजे डिस्क जिथं टेकते त्या सपाट भागावर. हे पाऊल लोक वगळतात आणि इथंच सगळं दडलेलं असतं. हबच्या तोंडाची त्रिज्या लहान, डिस्कच्या कडेची मोठी. त्यामुळं हबवर एक थाऊ असेल तर कडेला तो दुप्पट होऊन दिसतो. हबवर गंजाचा खवला असेल, मागच्या मालकानं तिथं रंग मारलेला असेल, बोल्टच्या भोकांभोवती धातू फुगून वर आलेला असेल, काहीही पुरतं. माझ्या डाव्या हबला दोन बोल्टांच्या मधे गंजाचा उंचवटा होता, बोटाला अगदी जेमतेम लागणारा. एमरी कागद सपाट पट्टीवर लावून तो काढला, तोंड चकाकेपर्यंत पुसलं. ग्रीस नाही, रंग नाही, कोरडं लोखंड कोरड्या लोखंडावर. सहाचे साडेतीन झाले.

उरलेल्या दीड-दोन थाऊंसाठी एक साधी युक्ती आहे. एमजीबीची डिस्क हबला चार बोल्टांनी बसते. बोल्ट काढा, डिस्क हबवर एक भोक पुढं फिरवा, बोल्ट ४० ते ४५ फूट-पाउंडांना आळीपाळीनं समोरासमोर आवळा, पुन्हा मोजा. हबचा डोल एका दिशेला, डिस्कचा दुसऱ्या दिशेला आला की दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. चार जागा आहेत, चारही करून पाहा. तिसऱ्या जागी माझं डावं चाक दीडवर आलं. ती जागा खडूनं नाही, पंचनं खूण करून ठेवा.

स्पेसर आणि शिम: या गाडीचं खास दुखणं

हा भाग मी मुद्दाम लांबवणार आहे, कारण एमजीबीच्या थरथरीत याचा वाटा मोठा आहे आणि दुसऱ्या गाड्यांवर काम केलेले अनुभवी मेकॅनिकही इथं फसतात.

पुढच्या हबमध्ये दोन टेपर रोलर बेअरिंगं असतात. पुष्कळ गाड्यांत, ट्रेलरमध्ये तर हमखास, टेपर बेअरिंगचा नट हातानं आवळायचा, थोडा सैल सोडायचा, खिट्टी घालायची, झालं. एमजीबीत तसं नाही. दोन बेअरिंगांच्या आतल्या कड्यांच्या मधे एक स्पेसर नळी आणि तिला लागून शिम, म्हणजे पातळ चकत्या, असतात. नट ४० ते ७० फूट-पाउंड इतका घट्ट आवळायचा असतो. एका बेअरिंगची आतली कडी, स्पेसर, शिम आणि दुसऱ्या बेअरिंगची आतली कडी मिळून स्टब ॲक्सलवर एक भरीव खांब तयार होतो. प्ले किती राहील हे नट ठरवत नाही, शिमची जाडी ठरवते. तो २ ते ४ थाऊ असायला हवा. आणि हा खांब नुसता प्लेसाठी नाही, तो स्टब ॲक्सललाही आधार देतो. वळणावर ॲक्सल वाकतो तो याच्याशिवाय जास्त वाकतो.

आता पन्नास वर्षांत गाडी किती हातांतून जाते विचार करा. कधीतरी कुणीतरी बेअरिंग बदलताना ती नळी आणि शिम उचलून बाजूला ठेवते, "हे कशाला?" म्हणते आणि ट्रेलरसारखा नट बसवते. माझ्या डाव्या हबमध्ये स्पेसर नव्हताच. उजवीकडं होता, शिमसकट. म्हणजे एकाच गाडीला दोन वेगवेगळ्या माणसांचा हात लागला होता. डाव्या चाकाला १२ थाऊ प्ले निघाला, ठरलेल्याच्या तिप्पट-चौपट. चाक वर-खाली धरून हलवलं तर खट् असं ऐकू यायचं, आणि ते मी किंगपिनच्या, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिच्या, माथी मारलं होतं.

बसवायची पद्धत अशी. बेअरिंगं आणि स्पेसर शिमशिवाय बसवा, हब फिरवत फिरवत नट आवळा, बेअरिंग जड लागेपर्यंत. यानं बाहेरची कडी हबमध्ये पूर्ण बसतात. मग नट काढा, जास्तीच्या शिम घाला, प्ले मुद्दाम जास्त येऊ द्या, नट आवळून गेजनं प्ले मोजा. समजा ९ थाऊ आला. ३ हवा, तर ६ थाऊंच्या शिम काढा. शिम ३, ५, १० थाऊ अशा मापांत मिळतात, दोन-तीन जमवून हवं ते माप येतं. पुन्हा आवळा, पुन्हा मोजा. खिट्टीचं भोक जुळेना तर नट पुढच्या भोकापर्यंत आवळा, पण ७० च्या आत. मागं सैल सोडू नका. नवी बेअरिंगं घातली तर जुन्या शिमचा हिशोब चालत नाही, सगळं पहिल्यापासून.

पहिल्यांदा मला एका चाकाला पूर्ण दुपार लागली.

चिकटलेला पिस्टन, सुजलेला पाइप

हब नीट करूनही एक दोष उरू शकतो. एक पॅड सतत चिकटून राहत असेल तर डिस्क तिथल्या तिथं तापत राहते. दहा मैल नेहमीसारखी गाडी चालवा, शेवटचा मैल शक्यतो ब्रेक न मारता, आणि थांबल्यावर लगेच इन्फ्रारेड थर्मामीटर दोन्ही डिस्कवर धरा. पाच-दहा अंशांचा फरक सोडून द्या. चाळीस-पन्नास अंशांचा फरक म्हणजे गरम बाजूचा कॅलिपर सुटत नाहीय.

गाडी जॅकवर घ्या, ब्रेक दाबून सोडा, चाक फिरवून पाहा. जड लागलं तर कॅलिपरचा ब्लीड निपल (हवा आणि ऑइल काढायचा स्क्रू) जरा उघडा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब मागं परतत नाहीय: जुना रबरी पाइप आतून सुजून एकतर्फी झडपेसारखा वागतोय. बाहेरून तो धडधाकट दिसतो. निपल उघडूनही चाक जडच राहिलं तर पिस्टन गंजलाय. स्टेनलेस पिस्टन आणि नवी सीलं घालून कॅलिपर उभा करता येतो. फक्त त्याचे दोन अर्धे भाग वेगळे करू नका, पिस्टन तसेच निघतात. पाइप बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदमच.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. डॉट ४ नवं असताना निदान २३० अंशांना उकळतं. हवेतलं पाणी शोषून घेतलं की हीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येते.

जुन्या गाडीत अनेक वर्षांपूर्वीचे पॅड आणि लायनर सापडू शकतात, आणि त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका, तोंडानंही फुंकू नका. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. हे मी प्रत्येकाला सांगते आणि सांगत राहणार.

पॅड बसवणं

नव्या डिस्कवर गंज धरू नये म्हणून तेलाचा हात असतो. तो ब्रेक क्लीनरनं धुतला नाही तर पहिल्याच दिवशी पॅड खराब. मग पॅड डिस्कवर 'बसवावे' लागतात. रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर ५० वरून १० पर्यंत मध्यम दाबानं आठ-दहा वेळा, मधे थोडं अंतर सोडून, आणि एकदाही पूर्ण न थांबता. मग दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून थंड होऊ द्या. पॅड बनवणाऱ्यानं वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा.

पूर्ण का थांबायचं नाही? गरम पॅड गरम डिस्कवर दाबून धरला की तेवढ्या जागी पॅडचा ठसा उमटतो. उतारावरून खाली आलात, सिग्नलला थांबलात, पाय ब्रेकवरच ठेवलात, ठसा पडला. अशा वेळी पाय काढून हँडब्रेक ओढा. तो मागच्या ड्रमवर असल्यानं पुढचे पॅड मोकळे होतात. ठसा हलका असेल तर डिस्क काढून बारीक गार्नेट कागदानं गोल-गोल घासून जातो. निळसर कठीण डाग पडले असतील तर लेथवर टर्न करूनही ते परत वर येतात, कारण तिथं लोखंडाची घडणच बदललेली असते. ती डिस्क बाद.

चाकाचे नटही लक्षात ठेवा. एअर गननं ठोकून आवळले तर हब आणि डिस्क दोन्हींवर ओढ येते. रोस्टाइल चाकाला ६० ते ६५ फूट-पाउंड, टॉर्क पान्यानं, समोरासमोरचे. टायरच्या दुकानातून गाडी घरी आली की मी चारही चाकं सैल करून पुन्हा स्वतः आवळते.

मग मोठ्या डिस्क कधी?

आधी उष्णतेचा हिशोब मांडू. दोन माणसांसह गाडी १,२०० किलो धरा. ६० मैलांवरून थांबताना साधारण ४३० किलोज्यूल उष्णता ब्रेकमध्ये जाते. सत्तर टक्के पुढच्या दोन डिस्कना, म्हणजे प्रत्येकी १५० च्या आसपास. डिस्कचा घासला जाणारा भाग सव्वादोन किलोच्या जवळपासचा, तेव्हा एका थांब्यात तापमान सुमारे १४० अंशांनी चढतं. रस्त्यावर पुढचा थांबा येईपर्यंत ती थंड होते. म्हणून एकेका थांब्याला मूळ डिस्क पुरते. आणि ब्रेक चाकं लॉक करू शकत असेल तर थांबायचं अंतर टायर ठरवतो. मोठी डिस्क त्यात एक फूटही कमी करत नाही.

उताराची गोष्ट वेगळी. २०० मीटर उंचीवरून खाली येणं म्हणजे ६० वरून पाच-साडेपाच वेळा थांबण्याइतकी उष्णता, तीही सलग. कॅसलटनजवळचा विनॅट्स पास उतरताना गरम पॅडचा वास येतो तो यामुळं. पण तिथंही माझं औषध डिस्क नव्हे, गिअर आहे. बाबांच्या प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना ड्रम होते आणि आंबोली घाट आमच्या नेहमीच्या रस्त्यात. "ज्या गिअरात चढलीस त्याच गिअरात उतर" हे त्यांचं वाक्य मी डर्बीशायरमध्येही पाळते: ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन हळू फिरवणारा जादा गिअर) काढायचा, थर्ड किंवा सेकंड, आणि ब्रेक थोडा वेळ ठाम दाबून पूर्ण सोडायचा. नुसता टेकवून धरायचा नाही.

सलग उष्णतेपुढं ड्रमपेक्षा डिस्क किती टिकते हे या देशानं १९५३ मध्ये पाहिलं. त्या वर्षी ले मान्सच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप जिंकली, टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन चालवत होते, आणि चोवीस तासांची सरासरी पहिल्यांदाच ताशी १०० मैलांच्या वर गेली. त्या ज्ञानातूनच पुढं रोजच्या गाड्यांना डिस्क आल्या. १९६२ ची एमजीबी त्याच परंपरेतली, तेव्हा तिच्या पुढच्या ब्रेकना खेळणं समजू नये.

बदलाची खरी गरज मला तीन ठिकाणी दिसते: गाडी ट्रॅकवर फेरीमागून फेरी पळते, इंजिन बरंच वाढवलंय, किंवा सामान लादून आल्प्ससारखे लांब घाट उतरायचेत. त्यातही क्रम आहे. आधी जास्त उष्णता सोसणारे पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल, मग डिस्ककडं हवा नेणारा डक्ट. एवढ्यानं भागत नसेल तर जाड डिस्क. खुद्द कंपनीनं १९७३ ते १९७६ च्या एमजीबी जीटी व्ही८ ला साडेतीन लिटरचं इंजिन दिलं तेव्हा पुढं जाड डिस्क आणि त्यांना साजेसे कॅलिपर लावले. जास्त लोखंड म्हणजे उष्णता साठवायला जास्त जागा. मला विचाराल तर हाच सगळ्यांत शहाणपणाचा बदल. फक्त कॅलिपर रिमला घासत नाही ना, ते आधी तपासा.

त्याहून मोठ्या व्यासाची, आतून हवा खेळणारी डिस्क १४ इंची चाकात सहसा मावत नाही, म्हणजे चाकं आणि टायरही बदला. कॅलिपरचे पिस्टन मोठे घेतले आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल पुढं ढकलणारा पंप) तोच ठेवला तर पेडल खोल जातं. पुढची पकड वाढली आणि मागची तीच राहिली तर पुढची चाकं आधी लॉक होतात, मागचे ड्रम अर्धं काम करून बसून राहतात. ओल्या रस्त्यावर गाडी उलट लांब थांबते. विमा कंपनीला बदल कळवणं इथं बंधनकारक आहे, तेही विसरू नका.

भोकांच्या डिस्कबद्दल माझं मत कडक आहे: रस्त्यावरच्या एमजीबीला नको. जुन्या पॅडमधून तापल्यावर वायू सुटायचे, त्यांना वाट हवी म्हणून भोकं आली. आजच्या पॅडना ती अडचण फारशी नाही. नऊ मिलिमीटरच्या भरीव डिस्कला भोकं पाडणं म्हणजे आधीच मोजकं असलेलं लोखंड कमी करणं, आणि भोकाच्या कडेपासून बारीक भेगा सुटतात. माझ्या दुसऱ्या जोडीला अडीच हजार मैलांत तीन भोकांपाशी केसाएवढ्या भेगा दिसल्या होत्या. त्याच दिवशी ती जोडी काढली. चरांच्या डिस्क पॅडचं तोंड साफ ठेवतात, पाऊसपाण्यात पहिला दाब बरा लागतो, बदल्यात पॅड लवकर झिजतात आणि गुरगुर ऐकू येते. हब नीट असेल तर त्या लावायला माझी हरकत नाही. थरथरीवरचं औषध म्हणून नकोत.

आता गाडी कशी आहे

तिसरी जोडी साध्या भरीव डिस्कची. बसवायच्या आधी खोक्यातून काढून मोजली. पहिल्या विक्रेत्याच्या एका डिस्कची जाडी नवी असतानाच पाऊण थाऊनं कमी-जास्त निघाली, ती परत केली, दुसऱ्याकडून घेतली. डावीकडं नवा स्पेसर, नव्या शिम, नवी बेअरिंगं, प्ले ३ थाऊ. दोन्ही कॅलिपरना स्टेनलेस पिस्टन. डोल डावीकडं दीड थाऊ, उजवीकडं दोन.

त्यानंतर ५,८०० मैल झाले आहेत. आठ ठिकाणच्या जाडीतला फरक दोन्ही डिस्कवर पाव थाऊच्या आत आहे. मागच्या महिन्यात कॅट अँड फिडलच्या रस्त्यानं मॅकल्सफील्डला उतरले, खाली पोचल्यावर दोन्ही डिस्क थर्मामीटरनं पाहिल्या: सहा अंशांचा फरक.

३०० मैलांनंतर एकदा प्ले पुन्हा मोजा, नवी बेअरिंगं थोडी बसतात. माझा ३ चा साडेतीन झाला होता, तसाच ठेवला. कुणाचं चाक हे सगळं करूनही तीनच्या खाली येत नसेल तर हबचं तोंड लेथवर अगदी पुसटसं फेस, म्हणजे सपाट, करून घ्या, पण हब बेअरिंगच्या बसण्याच्या जागेवरून सेंटर करूनच. चकमध्ये बाहेरून धरून फेस केलेला हब पूर्वीपेक्षा जास्त आउट होऊन येतो.